आमच्या डोंगरावर लावलेले नारळ

लिहायला बसलो आहे खरा, पण मला हे कोणी सांगितलं होतं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. आठवणी लिहायच्या त्या ज्यांनी काही केलं त्या माणसांनी. माझ्या आयुष्यात जे घडलं ते बहुतेक दुसऱ्यांनी केलं आणि मी बाजूला दुभाषा म्हणून उभा होतो. त्यातही अर्ध्या वेळेला माझं भाषांतर कोणी ऐकत नव्हतं. तेव्हा वाचणाऱ्याला मध्येच कंटाळा आला तर त्याने खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही. मंडळाच्या सभांमध्ये बसून मला त्याची सवय झाली आहे.

तर, सुरतेत प्लेग आला आणि शहरातल्या चांगल्या माणसांना जंगलाची आठवण झाली.

आम्ही तेव्हा लिंबायतला राहत होतो. बाबा लूमवर कारागीर. प्लेगची बातमी आली तशी गल्लीच्या गल्ली गाठोडी बांधून स्टेशनाकडे पळाली आणि आम्हीही गावी गेलो. परत आलो तेव्हा रस्ते असे झाडले होते की आमच्या गल्लीला आपल्याखाली डांबर आहे हे पहिल्यांदा कळलं. शहर स्वच्छ झालं म्हणून सगळ्यांचे सत्कार झाले. सत्कार संपल्यावर, आता काय स्वच्छ करावं, असा प्रश्न काही लोकांना पडला. त्यातून हे मंडळ निघालं. वनसंपत्ती वाचवणे आणि वनवासी बांधवांची लुप्त होत चाललेली भाषा व संस्कृती पुन्हा जिवंत करणे, असे त्याचे दोन उद्देश होते.

मंडळाचे अध्यक्ष गुजराती, त्यांची सुरतेजवळ कडोदऱ्याला साड्यांच्या छपाईची गिरणी होती. गिरणीमागच्या नाल्याला बाजारात चालेल त्या रंगाचं पाणी यायचं. राणी रंग जोरात होता तेव्हा नाल्यात लोळणारी डुकरं लग्नाला निघाल्यासारखी दिसत. पण अध्यक्षांना निसर्गाचं मनापासून प्रेम होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. झाड दिसलं की ते गाडी थांबवून त्याच्याजवळ उभे राहत आणि फोटो काढून घेत.

सचिव म्हणजे आमच्या कॉलेजातले प्राध्यापक. मराठीच, पण तीन पिढ्या सुरतेत. शिष्यवृत्तीचे कागद घेऊन गेलो होतो तेव्हा त्यांनी माझ्या दाखल्यावरची जमात वाचली आणि चष्मा काढला.

"कोकणी? अरे, मग तू इकडे कुठे?"

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या जमातीचं नाव कोकणी. कोकणा असंही म्हणतात. नवापूर, साक्री, डांग या बाजूच्या डोंगरांत राहणारे आम्ही आदिवासी. रत्नागिरी-मालवणच्या कोकणाशी आमचा संबंध नावापुरता. फार पूर्वी आमचे लोक त्या बाजूने वर आले असं म्हातारी माणसं कधी कधी सांगतात, पण कधी आले, का आले, हे कोणाला माहीत नाही. समुद्र मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या पोरांबरोबर डुमसला. मळकट पाणी आणि पुढे भजीच्या गाड्या. आतून काही आठवल्यासारखं झालं नाही.

मी सरांना हे सगळं सांगितलं. माझी पद्धत अशी आहे की आधी 'माफ करा' म्हणायचं, मग मुद्दा, मग पुन्हा 'माफ करा'. दोन माफ्यांच्या मध्ये मुद्दा हरवत असावा. सर म्हणाले, "नाव काय उगीच पडतं का? तुम्ही मुळातले किनाऱ्याचे. विसरलात. आम्ही तुम्हाला आठवण करून देऊ."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा सांगितलं. त्यावर ते म्हणाले की मराठी माणसाला कोकण शिकवू नकोस. मग मी गप्प राहिलो आणि मंडळाचा दुभाषा झालो.

आता गावाबद्दल.

नवापूरच्या खाली, डांगच्या हद्दीला लागून आमचं गाव. मागे डोंगर. बाबांच्या लहानपणी तो कूपवाल्यांनी, म्हणजे लाकडाच्या ठेकेदारांनी, एका बाजूने सोलत नेला होता. साग गेला, खैर गेला, शेवटी झिरा आटला. झिरा म्हणजे डोंगराच्या पोटातला पाण्याचा पाझर, सगळं गाव त्याच्यावर. तो आटला तेव्हा बाबांनी सुरत धरली आणि बाबांची बहीण, माझी फुई, मागे राहिली. फुई म्हणजे आत्या. ती नवरा गेल्यावर माहेरी परतली होती आणि तिला कोणाला भ्यायचं असतं हे कोणी शिकवलं नव्हतं. तिने चार बायका जमवून डोंगराला कुऱ्हाडबंदी केली. मग चराईबंदी. मग राखणीच्या पाळ्या लावल्या. रोज एका घराने दिवसभर डोंगरावर राहायचं, भाकरी बांधून न्यायची, कुऱ्हाड घेऊन कोणी आला तर त्याला हाताला धरून खाली आणायचं. जी घरं सुरतेला किंवा ऊसतोडीला गेली त्यांची पाळी भावकीने करायची. आमच्या घराची पाळी फुई करायची. बाबांच्या म्हणजे एकाच वेळी दोन पाळ्या चालत, लिंबायतला रात्रपाळी आणि गावाला दिवसपाळी, आणि दुसरीचा पगार कोणालाच मिळत नव्हता.

हळूहळू डोंगराला केस आले. आधी बांबू, मग टेंभुर्णी, मोह, हिरडा. पावसाळ्यात तिथे इतकं दाट होतं की दुपारी आत गेलं तर संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. झिरा पुन्हा लागला.

फुईने अजून एक नियम केला होता, आणि सगळी गोष्ट तिथेच फिरली. डोंगराच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड आहे. त्याच्या पुढे गेलं की फक्त आपली बोली बोलायची. शाळेतली मराठी नाही, सुरतेहून आणलेली हिंदी नाही, बाजारातली गुजराती नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. डोंगराने दुसरी भाषा ऐकली ती फक्त कूपवाल्यांच्या तोंडून. ती कानावर पडली की तो घाबरतो. गावातली पोरं शाळेत जाऊन आणि शहरात राहून बोली विसरायला लागली होती, पण पाळी सगळ्यांनाच येते, आणि दिवसभर मुकं कोण राहणार? पोरं झक मारून शिकली. हे करताना फुईने भाषा जिवंत करणे असे शब्द कधी वापरले नाहीत. तिला ते शब्द माहीतच नव्हते, त्यामुळे तिचं काम झालं.

प्लेगच्या सुट्टीत मी पहिल्यांदा तिच्याबरोबर पाळीला गेलो. दगड ओलांडला आणि माझी पंचाईत झाली. लिंबायतला आम्ही शेजाऱ्यांसारखी अहिराणी बोलायचो, कॉलेजात गुजराती, मित्रांत हिंदी, वहीत मराठी. आमच्या बोलीत आई-बाबा फक्त भांडत. लोकांना कळू नये म्हणून. त्यामुळे मला माझी मातृभाषा यायची ती फक्त भांडणापुरती. दुपारी तहान लागली. पाणी कसं मागायचं ते आठवेना. शेवटी आई बाबांना पाण्याचा तांब्या देताना जे म्हणायची तेवढं आठवलं, ते मी फुईला आदराने म्हणालो. त्याचा अर्थ साधारण असा, की घे, ढोस, आणि एकदाचा मर.

फुई खाली बसली. हसताना तिचा श्वास अडकला म्हणून मला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मग डोळे पुसत तिने विचारलं, "माना पोसा, तुना बाहास घरात एवढंच बोलतो का?" माझ्या पोरा, तुझा बाप घरात एवढंच बोलतो का. त्या दिवसापासून तिने मला न भांडता बोलायला शिकवलं. संध्याकाळी उतरताना मला पाणी मागता येत होतं आणि आभाराला आमच्यात शब्दच नाही हेही कळलं होतं.

अशा गावात मंडळ आलं.

दोन गाड्या आल्या. बिसलेरीच्या बाटल्या, चटया, बॅनर. अध्यक्षांनी फुईला हात जोडून सांगितलं की आजपासून हा डोंगर आम्ही दत्तक घेतला आहे. मी भाषांतर केलं. फुईने विचारलं, दत्तक घेतात ते आई-बाप नसलेल्याला ना? हेही मी भाषांतर केलं. सगळे कौतुकाने हसले. आदिवासी माणूस किती सहज काव्यात बोलतो, असं सरांनी वहीत टिपून घेतलं.

मग सरांनी गावच्या समाजमंदिरात भाषेचा वर्ग सुरू केला. पुस्तकं गोव्याहून मागवली होती. कोकणीची बालभारती म्हणा. चित्रं सुंदर होती. पहिल्या पानावर माड, दुसऱ्यावर होडी, तिसऱ्यावर खेकडा. सर मोठ्याने वाचत आणि पोरं मागून ओरडत, हो माड, हें तारूं, हांगा दर्या आसा. हांगा दर्या आसा म्हणजे इथे समुद्र आहे. दाराबाहेर मार्चच्या उन्हात तापलेला माळ होता आणि त्यात एक म्हैस.

फुई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने मला विचारलं ही कोणाची बोली. मी म्हणालो, आपलीच, असं सर म्हणतात.

"आपली असती तर मला आली असती," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पोरांना बिस्किटं मिळतात का?"

मिळत होती. वर्ग भरलेला असायचा.

मी सरांना तिसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले की बोलीत थोडाफार फरक असायचाच, आणि पोरं किती लवकर उचलतात ते बघ, रक्तात असल्याशिवाय का. मला वाटतं पार्ले बिस्किटही तोवर पोरांच्या रक्तात उतरलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर नारळ आले.

कोकणी लोकांच्या जंगलातून त्यांचं मूळ झाड नाहीसं झालं, आता ते आपण परत आणायचं, ही सरांची कल्पना. ट्रक भरून रोपं आली. डोंगरावर झिऱ्याच्या वरच्या सपाटीला खड्डे खणून ती लावली आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं. कुंपणाने झिऱ्याची वाट अडली. बायकांना पाण्यासाठी पूर्ण वळसा घालून खडकाच्या बाजूने उतरावं लागायला लागलं. पहिल्याच आठवड्यात एकीचा हंडा गेला आणि गुडघा फुटला. वनखात्याने परवानगी दिली होती, कारण अध्यक्षांनी अर्ज केला होता. आणखी एक अर्ज त्यांनी केला होता, तो आम्हाला मागाहून कळला. हा सगळा डोंगर राखण्यासाठी मंडळाच्या ताब्यात द्यावा, कारण मंडळच त्याचं संरक्षण करत आहे. खात्याने उत्तर दिलं की साहेब येऊन पाहतील, ज्याची राखण दिसेल त्याच्याकडे डोंगर जाईल. दुसऱ्याकडून अर्ज आलेला नव्हता. पिढीभर पाळ्या करणाऱ्यांना राखायचा अर्ज करतात हे सुचलं नव्हतं.

तार उपटून टाका, असं गावातल्या जवान पोरांचं मत पडलं. नारळही. फुईने नाही म्हटलं; तारेला हात लावला तर खातं आपल्यावरच उलटेल, आणि नारळ तर झाडच. डोंगरावर काही कापायचं नाही आणि डोंगरावर ढोरं सोडायची नाहीत, हा नियम तिचाच. त्यात नारळ सोडून असं कुठे म्हटलेलं नव्हतं. म्हणजे आमच्याच कुऱ्हाडबंदीने अध्यक्षांच्या नारळांना संरक्षण दिलं, आणि आमची माणसं पाळीच्या दिवशी त्यांच्यावरही नजर ठेवून बसू लागली. एका पाळीवाल्याने तर रानडुकरं हाकलली. मी सुरतेला गेलो की अध्यक्ष विचारत, आपले नारळ कसे आहेत? मी म्हणायचो, गाव राखतंय. त्यांना ते आवडायचं. म्हणायचे, बघा, लोकसहभाग.

फुईला मात्र झोप नव्हती. ती कधी बोलली नाही, पण एकदा पाळीवर असताना तिने मला विचारलं, कागद त्यांच्याकडे गेला तर आपण वर जाऊ शकतो का? मी म्हणालो, परवानगी काढून. तिने परवानगी हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. आमच्या बोलीत त्याला शब्द नव्हता आणि दगडाच्या पुढे परका शब्द तिने स्वतःच पहिल्यांदा उच्चारला होता, हे तिच्या लक्षात आलं. 

साहेब दसऱ्यानंतर आले. बदली होऊन नवीनच लागलेले, सावळे, अंगाने किरकोळ, सतत घाम पुसणारे. मंडळाच्या तीन गाड्या त्यांच्या जीपच्या मागे होत्या. पायथ्याशी भाषणं झाली. अध्यक्षांनी संवर्धन, संस्कृती, पर्यावरण असे बरेच शब्द वापरले. सरांनी इतिहास सांगितला. मला कोणी बोलायला सांगितलं नाही आणि त्यात माझं दुःख नव्हतं.

मग वर जायचं ठरलं. दगडापाशी फुई आडवी उभी राहिली.

"अठ आपली गोठ," ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की माफ करा साहेब, इथून पुढे प्रत्येकाने आपल्या घरची बोली बोलायची, असा गावाचा नियम आहे, माफ करा. आमची बोली असं म्हणायला हवं होतं, पण पाहुण्यांना ती येणार कुठून, म्हणून घरची म्हणालो. फुईला नंतर विचारलं तर तीही म्हणाली, बरोबर सांगितलंस, घरची बोलणारा खोटं कमी बोलतो.

अध्यक्षांना फार गंमत वाटली. चालेल, चालेल, म्हणत सगळे आत शिरले.

आता, माणूस घरच्या बोलीत भाषण करत नाही. वाटेत सगळे जरा सैल झाले. साहेब काही बोलत नव्हते, लाजत असावेत. सपाटीवर आलो तर समोर कुंपण आणि कुंपणात सुकत आलेले, कणसाच्या केसांसारखे पिवळे झालेले नारळ. पोरांना तिथे रांगेत उभं केलं होतं. सरांनी खूण केली आणि पोरांनी एका सुरात साहेबांना सांगितलं, हांगा दर्या आसा.

साहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी रुमाल खिशात ठेवला. चारी बाजूंना पाहिलं. खाली बोडके डोंगर, डोंगरामागे डोंगर.

"खंय आसा?" ते म्हणाले. कुठे आहे?

पोरांच्या पुस्तकात हा प्रश्न नव्हता. पोरं म्हणाली, हो माड.

साहेब तळकोकणातले होते हे तोवर कोणाला माहीत नव्हतं. ते कुंपणापाशी वाकले, एका रोपाचं पान दोन बोटांत धरलं आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "अरे, हयसर तुका कोणी हाडल्यान रे?" इथे तुला कोणी आणलं, असं. गावासाठी मी भाषांतर केलं नाही, कारण प्रश्न रोपाला होता.

सर पुढे होऊन सांगू लागले की हे यांचं मूळ झाड, हे लोक मूळचे आपल्याकडचे. साहेबांनी फुईकडे वळून आपल्या बोलीतच विचारलं की तुमचे लोक कोकणातले का. मी आमच्या बोलीत सांगितलं. फुईने विचार केला.

"आलो असू," ती म्हणाली. "फार वर्षं झाली. आम्ही येताना आणलं नाही ते यांनी का आणलं, हे यांना विचारा."

साहेबांचा चेहरा हसतोय की कसा, मला सांगता येत नाही. ते झिऱ्याकडे गेले, तारेवरून पलीकडे बघत राहिले, फुटक्या हंड्याचा काठ अजून तिथे पडला होता. त्या वेळी अध्यक्ष आणि सर माझ्या पुढे दोन पावलांवर उभे होते. अध्यक्षांनी डोंगरावरचा वारा छाती भरून घेतला आणि नियमाप्रमाणे घरच्या बोलीत, अगदी मोकळ्या मनाने, सरांना म्हणाले:

"आ डुंगर आपणने मळी जाय ने, तो उपर बे-तण ओरडा बांधी काढीए. शनि-रवि आवीने पडी रेवाय."

त्यांना वाटलं हे गावकऱ्यांना कळणार नाही. गुजरातच्या हद्दीवर बाजार करणाऱ्या माणसांना गुजराती कळणार नाही, असा त्यांचा समज कशामुळे झाला, देव जाणे. कदाचित त्यांनी आमची कोकणी पुस्तकं जास्त वाचली असतील. सगळ्या गावाच्या माना एकदम त्यांच्याकडे वळल्या. फक्त साहेबांना कळलं नाही. ते मागे वळले आणि त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माझी शिष्यवृत्ती होती, ग्रंथालयात लावून देतो म्हणालेली नोकरी होती, आणि थोडी विनंतीही होती. मी भित्रा माणूस आहे. पण दुभाषाला एक सोय असते, बोलणं त्याचं नसतं. मी 'माफ करा' म्हणालो नाही.

"साहेब, ते म्हणाले की हा डोंगर आपल्याला मिळाला तर वर दोन-तीन खोल्या बांधू. शनिवार-रविवार येऊन पडता येईल."

हे मी मराठीत बोललो, म्हणजे दगडापुढे नियम मोडला. फुईने तेवढं चालवून घेतलं. साहेबांनी मान हलवली, पुन्हा रुमाल काढला आणि म्हणाले, "कळवतो."

सरकारात कळवतो हा सगळ्यात लांब शब्द आहे. दिवाळी गेली, थंडी गेली. मंडळाने मला कळवायचं बंद केलं, ते मात्र लगेच. सरांनी ग्रंथालयाचा विषय पुन्हा काढला नाही, पण माझे गुण कापले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. शहरात मंडळाचा मोठा कार्यक्रम झाला, वनवासी संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाबद्दल शाल-श्रीफळ मिळालं. श्रीफळ पाहून मला एकट्यालाच हसू आलं आणि पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी वळून पाहिलं. अध्यक्षांच्या गिरणीतून त्या मोसमात आदिवासी बॉर्डरची साडी निघाली. नाला त्या दिवसांत गेरूच्या रंगाचा होता.

गावाकडून दर वेळी एकच निरोप येई, काही नाही. कुंपण तसंच. पाळ्या चालू. बायका खडकाने उतरतात. बाबांनी मला कधी काही विचारलं नाही, पण जेवताना रेडिओ लावायचे तो बंद केला.

बातमी आली तेव्हा मी बाबांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो होतो. त्या आठवड्यात त्यांची दिवसपाळी होती. दुपारची वेळ, सगळे लूम चालू. तिथे बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, नाहीतर ओठ वाचायचे. बाबांना ओठ वाचता येतात, सगळ्या जुन्या कारागिरांना येतात. आमच्या भावकीतला एक जण दारात उभा होता, अंगावर प्रवासाची धूळ. सकाळच्या एस.टी.ने निघून तो थेट इथे आला होता. त्याने लांबूनच सांगायला सुरुवात केली. आमच्या बोलीत. बाबांना ओठ लागेनात. आपली बोली कोणाच्या ओठांवर वाचायची त्यांना सवयच नव्हती. ते हिंदीत ओरडले, क्या? तो जवळ आला आणि त्याने पुन्हा सांगितलं, आता गळा फाडून. शेजारच्या लूमवरचे कारागीर बघायला लागले, कोणाचं भांडण आहे म्हणून.

बाबांनी लूम बंद केला. मुकादमाने तिकडून हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

"पुन्हा सांग," ते आमच्या बोलीत म्हणाले. भांडत नव्हते.

डोंगर गावाला दिला होता. साहेब सकाळी लवकर स्वतः येऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वाचून गेले. मंडळाचा अर्ज नाकारला. राखण पाळीवाल्यांकडेच राहील. तार मंडळाने आपल्या खर्चाने काढायची.

बाबांनी बराच वेळ हाताला लागलेलं सूत सोडवलं. मग विचारलं, "बहीण काय म्हणाली?"

तो माणूस जरा ओशाळला. म्हणाला, तिला अजून कळलं नसेल. साहेब आले तेव्हा ती वर होती, पाळीवर. हाक मारायला कोणी गेलं असेल आता. मला मात्र सुरतेची गाडी मिळत होती.